पद्मावतीचा ‘प’

उस्तरा गळ्याशी होता आणि मान मागे टेकलेली होती, नेमका तेव्हाच गौतमला रस्त्यावरून स्वतःचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, आपल्यासारखाच आवाज असलेला कुणीतरी असेल. हैदराबादच्या मलकपेठेत माणसं काय थोडी आहेत. पण त्या आवाजानं ‘प’ उचलला आणि तो तिथेच थांबला. ते थांबणं त्याच्या ओळखीचं होतं. ओठ मिटतात, आतून वारा येऊन त्यांच्यावर आपटतो, आणि ओठ म्हणजे जणू कुणा दुसऱ्याच्याच मालकीचे असावेत तसे उघडायचं नाव घेत नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या फेसाखाली त्याचेही ओठ मिटले. “प… प…” रस्ता म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, दार ढकलल्यासारखं, “पद्मावती बर्तन भंडार, मलकपेट. धनतेरस के वास्ते तांबा, प… प… पीतल…”

“साब, हिलो नक्को,” न्हावी म्हणाला. “उस्तरा है.”

गौतम हलला नाही. पण हा आवाज रस्त्यावर जायचा नव्हता. जायचा होता तो दुसरा, लेकीनं, ईशानं, कापून-छाटून साफ केलेला. हा कच्चा आवाज घरातच राहायचा होता. आता तो ध्वनिक्षेपकातून, रिक्षाच्या टपावर बसून, नलगोंडा चौरस्त्याकडे निघाला होता, आणि गौतम अर्ध्या गालावर फेस घेऊन त्याचं जाणं ऐकत होता.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली होती. भांड्यांच्या धंद्यात वर्ष म्हणजे दोनच गोष्टी: लग्नसराई आणि धनत्रयोदशी. धनत्रयोदशी हुकली की पुढचे सहा महिने माशा मारायच्या. आणि या वर्षी चौरस्त्यावर चार मजली शोरूम उघडलं होतं, सरकत्या जिन्याचं, थंडगार हवेचं, दारात गुलाबपाणी शिंपडणारं. जुनी गिऱ्हाइकं तिथल्या पिशव्या हातात घेऊन गौतमच्या दुकानावरून जायची आणि नजर चुकवायची. गौतम काही बोलायचा नाही. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. त्यानं दुकानाला नवा रंग दिला, समया चिंचेनं घासून काढल्या, तांब्याच्या बाटल्यांची उतरंड पायरीपाशी आणून मांडली. बायको रेणूनं दारावर तोरण बांधलं आणि दर बुधवारी बंद असणारं दुकान महिनाभर उघडं ठेवायचं ठरवलं. मुलगी ईशा हायटेक सिटीतल्या कंपनीत होती, तिनं सुट्टी टाकली आणि पहिल्याच दिवशी गल्ल्यामागे उभं राहून रस्त्याकडे पाहत म्हणाली, “पप्पा, प्रॉब्लेम मालाचा नाहीये. कुणाला माहीतच नाही आपण इथे आहोत ते.”

म्हणून रिक्षा. यादगिरी नावाचा एक रिक्षावाला टपावर भोंगा बांधून चादरघाटपासून सैदाबादपर्यंत फिरायला तयार झाला. आवाज देणारा मात्र मिळेना. नामपल्लीच्या प्रदर्शनात हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा एक गृहस्थ होता, त्याचा आवाज ऐकून हरवली नसलेली मुलंसुद्धा रडायला लागायची म्हणे. पण तो शोरूमवाल्यांनी आधीच गाठला होता. तेव्हा रेणू पोळी लाटता लाटता म्हणाली, “ह्यांचाच आवाज घ्या नं. भजनात कसा लागतो.” ते खरं होतं. गाताना गौतम कधी अडला नाही. शब्द सुरावर बसून आला की तो अडखळत नाही, हे त्याला लहानपणीच कळलं होतं. पण माणसानं बाजारात वांगी गाऊन कशी मागायची? ईशा म्हणाली, “तुम्ही कितीही अडका पप्पा. मी एडिट करते.”

गोदामात, घागरींच्या आणि परातींच्या मध्ये, एका स्टुलावर बसून त्यानं ते वाचलं. ईशानं मजकूर मोबाइलवर लिहिला होता, रोमन अक्षरांत, कारण देवनागरी तिला हळू वाचता येते. तो बोलला की भोवतालची रिकामी भांडी मागून थोडी घुमायची. तो अडला की तीही गप्प व्हायची, वाट बघितल्यासारखी. ‘पद्मावती’वर तो अडला, ‘पीतल’वर अडला, ‘प्रेशर कुकर’वर तर इतका अडला की ईशानं हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली आणि तोही हसला. मग रात्री जेवणं झाल्यावर तिनं ते साफ केलेलं ऐकवलं. गौतमला जाणवलं, की त्याच्याच आवाजात एक माणूस बोलतोय, वाहत्या पाण्यासारखा, एकाही दगडावर न आपटता. रेणूनं ऐकलं, म्हणाली, “छान आहे.” मग गॅस पुसता पुसता म्हणाली, “पण पाव्हणा आल्यागत वाटतं कुणीतरी.”

गौतमला मात्र तो पाव्हणा आवडला होता. न सांगता तो त्याला पुन्हा पुन्हा ऐकत होता, गच्चीवर, आंघोळीच्या आधी, दुकानाची कुलपं काढताना. हा माणूस आपण झालो असतो तर? हा बँकेच्या मुलाखतीला गेला असता आणि स्वतःचं नाव सांगून परत आला असता. वडिलांच्या तेराव्याला चार माणसांसमोर दोन शब्द बोलला असता. ईशाच्या शाळेत पालकांच्या सभेत मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे बघत बसला नसता. पण तो चांगला माणूस असता का, ते सांगता येत नव्हतं. इतकं भरभर बोलणाऱ्यानं विचार कधी केला असता? त्याच्याविषयी गौतमला थोडा हेवा वाटायचा आणि थोडी भीती, गावाकडच्या एखाद्या श्रीमंत चुलत भावाविषयी वाटते तशी.

वडील, हिम्मतराव, भालकीकडची कोरडवाहू शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले होते. अफझलगंजात एका मारवाड्याकडे भांडी वाहिली, आणि मग मलकपेठेत स्वतःचं दुकान टाकलं. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघेल. दुकानाला आपल्या आईचं नाव दिलं तेव्हा गौतम आठ-नऊ वर्षांचा होता आणि ‘प’शी त्याचं वैर गावभर ठाऊक झालेलं होतं. वडिलांनी ते मुद्दाम केलं का? कदाचित त्यांना वाटलं असेल, रोज नाव घ्यावं लागलं की जीभ सुटेल. त्यांनी उपाय तरी काय बाकी ठेवले होते. वेखंड उगाळून जिभेवर चोळलं, दर्ग्यातून ताईत आणला, मारुतीला तेल वाहिलं. जीभ सुटली नाही. सुटल्या त्या भाषा. कारण मलकपेठेत एका शब्दाला तीन दारं होती. मराठीत अडलं की दखनीत शिरायचं, दखनीत अडलं की तेलुगूत. पाणी येत नसेल तर ‘नीळ्ळु’ मागायचं. पैसे तोंडातून निघत नसतील तर ‘डब्बुलु’ म्हणायचं. लोक म्हणायचे, हिम्मतरावांचा पोरगा काय तेलुगू बोलतो. पोरगा तेलुगू बोलत नव्हता, पळत होता. एका गल्लीत कुत्रं आडवं आलं की दुसऱ्या गल्लीत वळत होता. पण ‘पद्मावती’ला दुसरी गल्ली नव्हती. नाव तिन्ही भाषांत नावच राहतं.

न्हाव्यानं वाटीतून ब्रश काढायला पाठ वळवली आणि गौतम उठला. गळ्यातला पांढरा कपडा तसाच, डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेस. “अरे साब, आधा है,” न्हावी म्हणाला, पण तोवर तो पायऱ्या उतरला होता.

आवाज पुढे गेला होता. गौतम पळू लागला. त्याला वाटत होतं, सगळा रस्ता आपल्याकडे बघतोय, आणि खरोखरच बघत होता, पण फेसामुळे. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की हा आवाज आता गंजातल्या बाजारात पोचेल, स्टेशनाशी पोचेल, आपण बोलायचं टाळून टाळून जपलेली सगळी वर्षं भर रस्त्यात सांडत जाईल. फळवाला, झेरॉक्सवाला, औषधाच्या दुकानातली ती मुलगी जिच्याकडे तो चिठ्ठी पुढे करून गोळ्या घेतो, त्या सगळ्यांना आता कळेल. (त्यांना ते केव्हाचं ठाऊक होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.) लहानपणी स्वप्न पडायचं, शाळेत आपण उघडे उभे आहोत. हे तसंच होतं, फरक एवढाच की स्वप्नात कपडे नसायचे आणि इथे नको तो एक कपडा गळ्यात होता. हाका मारून रिक्षा थांबवावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर ‘यादगिरी’ला काही अडचण नव्हती, पण धापेनं आवाजच निघेना.

रेल्वेच्या पुलाखाली नेहमीचा खोळंबा होता. बसगाड्या, रिक्षा, एक उसाच्या रसाची हातगाडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध टपावर भोंगा असलेली यादगिरीची रिक्षा अडकली होती. गौतम पुलाच्या खांबाशी थांबला. पुढे जायला वाट नव्हती. पुलाखाली प्रत्येक आवाज दुप्पट होतो. आता त्याचा झाला. “प… प…” पूल म्हणाला.

आणि सगळे थांबले. म्हणजे थांबलेले होतेच, पण आता ऐकण्यासाठी थांबले. स्कूटरवरचा एक माणूस मागे वळला. बुरख्यातल्या दोघीजणी बोलता बोलता गप्प झाल्या. उसवाल्यानं चाकाचा दांडा धरून ठेवला. दर दिवशी या पुलाखालून किती भोंगे जात असतील, साड्यांचे, शिकवणीचे, निवडणुकीचे, आणि एकाकडेही कुणी मान वळवत नाही. ते शब्द पाण्यासारखे अंगावरून ओघळून जातात. हा शब्द अडला होता. अडलेल्या शब्दाकडे माणूस बघतोच. स्कूटरवाला हळूच म्हणाला, “प्रकाश… प्रभात…” त्यावर उसवाला म्हणाला, “ठैरो ना मियाँ. बोलने दो उनकू.”

गौतम खांबाला टेकून उभा राहिला. आयुष्यभर त्याचे शब्द इतरांनी पूर्ण केले होते: मास्तरांनी, गिऱ्हाइकांनी, रेणूनं. आईनं तर तो तोंड उघडायच्या आतच. कुणीतरी कुणाला तरी ‘बोलू दे त्याला’ म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानं कान दिला. आणि त्याला एक विचित्र गोष्ट दिसली, दिसली म्हणजे ऐकू आली: ते अडणं लांब नव्हतं. आतून ते विहिरीएवढं असतं. आत उतरलं की तळ लागत नाही, वर तोंडाशी लोकांचे चेहरे वाकून बघताना दिसतात, आणि आपण कधीच वर येणार नाही असं वाटतं. पण बाहेरून, इथे खांबाशी उभं राहून, ते एखाद्यानं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं एवढंच होतं. एक माणूस थांबला, आणि मग म्हणाला, “पद्मावती बर्तन भंडार, मलकपेट.” स्कूटरवाल्यानं मान हलवली. “अच्छा, वो इच. हिम्मतराव सेठ का.” उसाचं चाक पुन्हा फिरायला लागलं.

गौतमनं पूर्ण जाहिरात ऐकली. ‘प्रेशर कुकर’ आला तेव्हा बुरख्यातली एक बाई हसली. तोही हसला असता. गोदामात ईशानं ओढणी तोंडाला लावली होती तसंच ते हसणं होतं, त्यात काटा नव्हता. फेस वाळून गाल ताणायला लागला होता.

खोळंबा सुटायच्या आत गाड्यांमधून अंग चोरत तो रिक्षेशी पोचला. यादगिरीनं त्याला बघितलं, त्याच्या गालाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. “सेठ, सुबेसे लोगां पूछ रैं, दुकान किदर है बोलके. स्टेशन के पास एक अम्मा तो पीछेच पड गई.”

“दुसरा… दूसरी आवाज भेजी थी ना ईशा,” गौतम म्हणाला. “वो कायकू नै लगाये?”

यादगिरीनं मोबाइल काढून दाखवला. दोन्ही होते. “सुना ना मैं. वो दूसरा किसका है क्या की सेठ. साफ है, मगर आपका नै लगा. मैं समझा गलती से आया.” मग तो थोडा ओशाळला. “बंद कर दूँ?”

गौतमनं भोंग्याकडे पाहिलं. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं, आणि ‘ह’शी त्याचं कधी भांडण नव्हतं. पण तो म्हणाला, “सैदाबाद तक जाओ.” आणि उरलेली दाढी करायला परत वळला.

दुकानात बातमी त्याच्या आधी पोचली होती. ईशा पायरीवर उभी होती, डोळे लाल. “पप्पा, सॉरी. दोन्ही फाइल्स गेल्या माझ्याकडून. मी त्याला फोन लावतेय, तो उचलत नाहीये.” रेणूनं एकच समई इतक्यांदा पुसली होती की तिच्यात तोंड दिसत होतं. तेवढ्यात शिकवणीला निघालेली दोन पोरं दुकानावरून गेली आणि त्यातलं एक दुसऱ्याला म्हणालं, “प-प-पद्मावती,” आणि दोघं खिदळत पळाली. गौतमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं गेली तरी त्या पाळ्यांचं वय वाढलं नव्हतं. रेणू समई घेऊनच पायरी उतरायला निघाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “दुकानाचं नाव तर नीट सांगून गेले.”

ईशा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, “मग चालू ठेवायचं?” या खेपेला शब्द अडला नव्हता, गौतमच अजून ठरवत होता. पाळ्या तापल्या होत्या हे खरं, आणि पुलाखाली उसाचं चाक थांबलं होतं हेही खरं. दोन्ही एकाच सकाळी. कुठलं एक धरायचं?

ते स्टेशनाजवळच्या अम्मानं ठरवलं. ती आली तीच गुडघ्यावर हात ठेवून, एका दमात, “माईकवर बोलले ते तुमीच नं?” अशी सुरुवात करत. नांदेडकडची होती, मुलाकडे आली होती. तिला पितळेचा डबा पाहिजे होता, झाकण घट्ट बसणारा. तिनं पाच डबे उघडून बघितले, त्यातल्या तिघांना नावं ठेवली, उरलेल्या दोघांत भांडण लावलं, आणि शेवटी एक निवडून म्हणाली, “दहा टक्के सूट.”

“ती प… प… प…” गौतम म्हणाला. रेणूचे ओठ सवयीनं हलले. अम्मानं हात वर केला, रेणूला की त्याला कळलं नाही, आणि डब्याचं झाकण लावत-काढत निवांत उभी राहिली. तिला कसलीही दया येत नव्हती. तिला फक्त पुढचं ऐकायचं होतं. “…पाचशेच्या वर,” गौतमचं वाक्य संपलं.

“मग ही पळी पण घाला त्यात,” अम्मा म्हणाली. “इतक्या लांबून ऐकून आले मी. त्या दुसऱ्या दुकानाचा माणूस काय बोलून गेला, कुणाला आठवतंय?”

मग ते चालूच राहिलं. धनत्रयोदशीपर्यंत यादगिरी रोज फिरला. पोरं नक्कल करत राहिली. एक-दोघं तर दुकानात येऊन करून गेली आणि त्यांच्या आयांनी त्यांना कानाला धरून परत आणलं आणि वाटी-चमचे विकत घेतले. शोरूममध्ये गर्दी होती ती होतीच, तिचं काही वाकडं झालं नाही. पण गौतमच्या पायरीवरही चपलांचा ढीग पडायला लागला. गर्दीत बोलावं लागतं, टाळता येत नाही, आणि गौतम बोलत होता. तेलुगू माणसाशी तेलुगूत आणि मराठी माणसाशी मराठीतच, दारं न बदलता. अडत होता, पहिल्याइतकाच. कधी कधी जास्त, कारण तो आता पूर्वी ज्या शब्दांना हात लावत नसे तेही उचलून बघत होता. एका संध्याकाळी कुणाला तरी परात दाखवताना ती विहीर पुन्हा उघडली, अगदी जुनी, खोल, घाम फुटला, आणि गिऱ्हाईक अवघडून दुसरीकडे बघायला लागलं. तो दिवस वाईट गेला. पण तो दिवस होता, आयुष्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुलूप काढताना मोबाइलवर काहीच ऐकलं नाही, आणि हे त्याला दुपारी कधीतरी आठवलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. ईशा मैत्रिणींकडे गेली होती. घरात फराळाचा वास थकून बसला होता, आणि गोड खाऊन खाऊन दोघांच्याही जिभा विटल्या होत्या. रेणू पिशवी घेऊन बाजाराला निघाली होती. दाराशी थांबून तिनं विचारलं, “भाजी काय आणू?”

“प…” गौतम म्हणाला.

“पा—” रेणूनं तोंड उघडलं आणि मिटलं. पिशवीचे बंद तिनं दोन्ही हातांत धरले आणि ती उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर कुणाच्या तरी पोरानं उरलेला फटाका लावला, तो फुसका निघाला. रेणूनं त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, एखादी कळी उमलायची वाट बघावी तसं नव्हे, बसची वाट बघावी तसं. येणार हे ठाऊक असलेल्या बसची.

“पडवळ,” गौतम म्हणाला.

“पडवळ?” रेणू म्हणाली. “तुम्हाला तर पालक आवडतो.”

गौतमनं नाही म्हणून मान हलवली.

“अहो, असं काय. लग्न झाल्यापासून करते मी पालक. आठवड्यातून दोनदा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्हीच…” ती बोलता बोलता थांबली.

“तेव्हापण पडवळच म… म्हणत होतो,” गौतम म्हणाला. “तू पालक म्हणालीस. मला वाटलं, नवीन आहे, कशाला.” तेलुगूत पळून जायचं म्हटलं तर ते ‘पोट्लकाया’ होतं, तिथेही ‘प’च आडवा. आणि दखनीतलं ‘चिचिंडा’ म्हटलं असतं तर गावाहून नुकत्याच आलेल्या मुलीला ते कळलं नसतं. हे सगळं त्यानं सांगितलं, थांबत थांबत, आणि रेणूनं ते सगळं उंबऱ्यातच ऐकलं.

ती हसायला लागली. आधी पिशवीत तोंड घालून, मग भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिच्या सासूला, नणंदेला, माहेरच्या माणसांना तिनं सांगितलं होतं की ह्यांना पालकाशिवाय चालत नाही. त्याच्या वाढदिवसाला ती पालकाच्या वड्या करत असे. हसता हसता मध्येच तिचा चेहरा बदलला. तिनं पदरानं डोळे पुसले, पिशवी खुंटीला परत अडकवली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

“आणखी काय काय आहे असं?” ती म्हणाली. “सांगा आता. बाजार काही पळून जात नाही.”

गौतमनं थोडा विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यातलं निम्मं तरी सोप्या अक्षरांनी सुरू होत होतं. पण त्यानं सुरुवातीला एक ‘प’चाच शब्द निवडला आणि ओठ मिटले.